होकाराची आडवी मान

१ मार्च

सकाळी नेव्हेनाने मनगटाला मार्तेनित्सा बांधला. दरवर्षी बांधते. मी दरवर्षी म्हणतो, लाल-पांढरा दोरा बांधून मिरवायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? आणि दरवर्षी हात पुढे करतो. पहिलं फुललेलं झाड दिसलं, नाहीतर पहिला करकोचा दिसला, की तो काढून झाडाच्या फांदीला बांधायचा. माझी बायको एलेना गेल्यापासून घरात दुसरं कोणी बांधणारं नाही, म्हणून नेव्हेना बांधते. त्यात विशेष काही नाही.

नेव्हेनाचं दुकान शिश्मान रस्त्यावर, माझ्या घरापासून चार इमारती पुढे, तळघरात. त्याची खिडकी फुटपाथला टेकलेली. काही घ्यायचं तर गिऱ्हाइकाने रस्त्यावर उकिडवं बसायचं आणि खिडकीत तोंड घालायचं. अशा दुकानांना आमच्याकडे 'क्लेक' म्हणतात, म्हणजे उकिडवंच. सगळं सोफिया शहर असं बसतं. वकील बसतात, नट्या बसतात, पोलीससुद्धा टोपी सावरून बसतात. मी बसत नाही. एक तर माझे गुडघे कुरकुरतात, आणि दुसरं म्हणजे हयातभर मी वर्गात उभं राहून इंग्रजी शिकवलं, आता एका आगपेटीसाठी वाकायचा नाही. मी छत्रीचं टोक फुटपाथवर दोनदा आपटतो. नेव्हेना हाश्श-हुश्श करत जिना चढून वर येते.

"आली स्वारी," आज म्हणाली. "मास्तर, एक दिवस तुम्ही माझ्या खिडकीशी गुडघे टेकणार, बघा. आणि त्या दिवशी मी दुकान बंद करणार."

"मग तुझं दुकान शंभर वर्षं चालेल," मी म्हणालो.

दोऱ्याची गाठ मारताना मात्र तिने ती दोनदा ओढून बघितली. गाठ जरा घट्टच बसली आहे.

४ मार्च

रालित्सा आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी. वर्गात मागच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायची, आता परदेशी पाहुण्यांना सोफिया दाखवायचा धंदा करते. तिचा एक वाटाड्या लग्न करून इटलीला गेला.

"सर, तुम्ही या ना. इंग्रजी तुमचं फर्डं. इतिहास तुम्हाला पाठ. वरून तुम्हाला ओरडायची सवय आहे."

मी म्हटलं, मी ओरडत नसे, मी स्पष्ट बोलत असे. ती हसली. मी हो म्हणून टाकलं. घरात बसून भिंतींना तरी किती काळ व्याकरण शिकवणार?

५ मार्च

पहिलाच दिवस आणि बोंब.

कोर्टासमोरच्या सिंहांपाशी माणसं गोळा केली, छत्री उंच धरली, आणि रोमन काळापासून सुरुवात केली. भुयारी वाटेतले प्राचीन रस्ते, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीमागच्या अंगणात लपलेलं विटांचं गोल चर्च, मशीद, सिनेगॉग, जुन्या हमामाबाहेरचे गरम पाण्याचे नळ, सगळं दाखवलं. तारीख एकही चुकली नाही. नळापाशी एका डच आजीबाईंनी कानाशी येऊन विचारलं, की इथे जवळ स्वच्छतागृह आहे का. मी दुसऱ्याशी बोलत होतो, म्हणून नुसती मान हलवली. आडवी, डावी-उजवी. म्हणजे आहे, अगदी समोरच आहे. बाईंचा चेहरा पडला. पुढचा तासभर त्या घोळक्याच्या मागे पायांची कात्री करून चालत होत्या. शेवटी त्यांच्या नवऱ्याने मला असं काही सुनावलं की मी इंग्रजीत दोन नवे शब्द शिकलो.

६ मार्च

रालित्साने मला शिकवणी दिली. काळ कसा उलटतो बघा. खुर्चीवर मी, आणि समोर हात मागे बांधून ती.

"सर, आख्ख्या जगात मान आडवी हलवली की 'नाही' आणि खाली-वर केली की 'हो'. फक्त आपलंच उलटं. आपण आडवी हलवून 'हो' म्हणतो आणि खाली-वर करून 'नाही'. पाहुण्यांना ते कळत नाही. तेव्हा कामावर असताना मान जगाच्या रीतीने हलवायची. हो म्हणजे खाली-वर. नाही म्हणजे आडवी. म्हणा."

"काय म्हणा? मी काय दुसरीत आहे?"

"आरशासमोर सराव करा. रोज. मी उद्या तपासणार."

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. स्वतःलाच विचारलं, 'ल्युबेन, तू सोफियाचा ना?' आणि मान खाली-वर केली. आरशातला म्हातारा साफ नाकारत होता. 

१२ मार्च

जमलं! आठवडाभर आरशाशी भांडून जमलं. आज एका पोर्तुगीज माणसाने पाच प्रश्न विचारले आणि पाचही वेळा मान जगाच्या बाजूने हलली. रालित्साने टाळ्या वाजवल्या. आता मी सुरुवातीलाच सगळ्यांना ही गंमत सांगतो, हसतात लोक. एका टोळीने तर चर्चच्या पायऱ्यांवर बसून आमची मान शिकून घेतली.

संध्याकाळी नेव्हेनाला करून दाखवलं. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती, हातात सोललेलं सफरचंद.

"परक्यांसाठी मान वाकडी करायला लागलात, मास्तर?"

"वाकडी नाही, सरळ. आपलीच वाकडी होती."

"मला नका हं ती हलवू. मला आपली जुनीच बरी कळते."

"मी काय मूर्ख आहे?" मी म्हणालो.

तिने सफरचंदाचा अर्धा भाग मला दिला. मोठा अर्धा. ती म्हणाली लहान आहे, पण मी बघितलं.

१८ मार्च

लोकांना काय झालंय कळत नाही. सकाळी बेकरीतल्या बाईने विचारलं, "मास्तर, चीजची गरम बनित्सा देऊ का, आत्ताच भट्टीतून काढलीय." तोंडात कालचा पाव होता, म्हणून मी मान हलवली, चांगली ठळक, खाली-वर. तर तिने उचललेली बनित्सा परत परातीत ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली! मी पाव गिळेपर्यंत ती संपलीसुद्धा.

दुपारी केस कापणाऱ्याने विचारलं, मिशीला कात्री लावू का. मी मान हलवली. नाही लावली. मी उठून आरशात पाहतो तो मिशी तशीच, झाडूसारखी. गिऱ्हाइकाचं ऐकायची पद्धतच उरली नाही या शहरात. आमच्या वेळी असं नव्हतं.

२४ मार्च

आज बोलून नाही, लिहूनच सांगावं लागेल, कारण आवाज पार बसलाय. तीन आठवडे उघड्यावर बोंबलतोय, वर काल नेव्स्की चर्चसमोर वारा असा सुटला होता की घंटासुद्धा ऐकू येईना. सकाळी तोंड उघडलं तर नुसता हवेचा फुस्स. रालित्साने अर्ध्या फेरीतून घरी पाठवलं. औषधवालीने दटावलं, एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, लिंडनच्या झाडाच्या फुलांचा चहा घ्या.

तो चहा नेव्हेनाकडे असतो. तिथे गेलो, छत्री दोनदा आपटली. ती वर आली. मी गळ्याकडे बोट दाखवलं, तोंडावर हात ठेवला.

"अरे देवा! मास्तर मुके झाले! आता शहरात शांतता नांदेल," म्हणाली. खाली गेली, चहाची पुडी घेऊन परत आली, पण ती दिली नाही. हातातच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "नाहीतरी तुम्ही बोलत असलात की मला बोलूच देत नाही. आज सांगून टाकते."

मग तिने सांगितलं. मालक तळघर परत मागतोय, तिथे सायकली ठेवणार म्हणे. एप्रिलच्या दहा तारखेला दुकान रिकामं करून द्यायचंय. रुसेहून तिची बहीण पेंका रोज फोन करतेय, इथे ये, डॅन्यूबच्या काठी घर आहे, दोघी म्हाताऱ्या एकत्र राहू. हे सगळं ती चहाच्या पुडीकडे बघत बोलत होती. मग मान वर केली.

"मी एकदाच विचारणार, मास्तर. पुन्हा विचारायची नाही, मलाही लाज आहे. मी सोफियातच राहावं, असं तुम्हाला वाटतं का? तुम्हाला, म्हणजे तुमच्यासाठी?"

उत्तर द्यायला आवाज नव्हता. पण मान होती ना. मी मान हलवली. नीट, ठळक, खाली-वर, खाली-वर, खाली-वर. तीनदा. शंकेला जागाच ठेवली नाही.

तिने पुडीची चुरगळलेली कडा सरळ केली.

"बरं," म्हणाली. "सरळ सांगितलंत, बरं झालं. माणसाने असं सरळ असावं."

पुडी माझ्या हातात ठेवली आणि खाली गेली. खिडकी आतून लावून घेण्याचा आवाज आला. बिचारी लाजली असणार. या वयात असं कोणी विचारतं का? आणि कोणी असं उत्तर देतं का? मी दिलं. मला स्वतःचं नवल वाटतंय.

२५ मार्च

आवाज नाही, पण काय फरक पडतो. दिवसभर घर आवरलं. मागच्या खोलीतली पुस्तकं हलवली. कशासाठी ते माहीत नाही, खोली मोकळी असलेली बरी. एलेनाच्या पाहुण्यांसाठीच्या सपाता कपाटात होत्या, त्या झटकून दाराशी ठेवल्या. पायाला होतील का कुणाला, कोण जाणे. नेव्हेनाचे पाय लहान आहेत.

एलेनाच्या फोटोला म्हणालो (मनातल्या मनात, औषधवालीचं ऐकून), की बघ, तूच म्हणायचीस ना, हा माणूस कधी सरळ उत्तर देत नाही म्हणून?

२९ मार्च

आवाज परत आला आणि पहिलीच बातमी ही ऐकली.

बेकरीवाली म्हणाली, "तुमची नेव्हेना चालली की रुसेला. दहा तारखेची, दुपारी तीनची बस. भाड्याची खोलीही सोडली तिने."

मी म्हणालो ती माझी नेव्हेना नाही. मग दुकानावरून गेलो. खिडकीत निम्म्या फळ्या रिकाम्या. एका खोक्यात मेणबत्त्या, दुसऱ्यात पाण्याच्या बाटल्या. ती खाली पाठमोरी वाकलेली होती. मी छत्री आपटली नाही. का आपटू?

मला विचारायचं, माझा होकार घ्यायचा, आणि तरी निघून जायचं! मग विचारलंच कशाला? गंमत करायची होती? चौसष्टाव्या वर्षी मी मान हलवून होकार दिला, माझ्या आयुष्यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड गोष्ट, आणि तिने ती वाण्याच्या दुकानात माल चाचपतात तशी चाचपून बाजूला ठेवली. ठीक आहे. पुस्तकं परत जागेवर लावली. सपाता कपाटात टाकल्या.

२ एप्रिल

आज समोरासमोर आलोच. मी रस्ता बदलून नळांवर पाणी भरायला गेलो, तर तीही तिथेच, दोन कॅन घेऊन.

"आवाज आला वाटतं," ती म्हणाली.

"आला."

"चहा घेतलात?"

"घेतला."

गरम पाणी कॅनमध्ये पडत होतं. दोघंही त्याच्याकडेच बघत होतो, पहिल्यांदाच पाणी बघतोय असे.

"ऐकलं, चाललीस," मी म्हणालो.

"तुम्ही तर सांगून मोकळे झालात, मास्तर."

"हो, मी माझं सांगितलं. स्पष्ट."

"फार स्पष्ट."

"आणि तरी?"

"तरी काय? त्याच्यावर आणखी काय राहतं?" तिने कॅनचं झाकण फिरवलं, वेडंवाकडं बसलं, परत काढून फिरवलं. "मी रागावले नाहीये. मला राग यायचा हक्क नाही. पण जरा हळू सांगितलं असतंत. एकदा हलवली असतीत तरी पुरलं असतं. तीनदा!"

"एकदा हलवली असती तर तू म्हणाली असतीस, मनापासून नाही."

यावर तिच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं. ती कॅन उचलून निघून गेली. दोन्ही कॅन, जड होते. मी धरू का म्हणालो नाही. बायकांचं मला कधीच कळलं नाही. मनापासून होकार दिला म्हणून रडायचं?

६ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही. चाळीस जणांची टोळी होती. रोमन, बायझंटाईन, तुर्क, सगळे येऊन गेले, कोणीच थांबलं नाही. असं मी सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, फार उदास सांगता तुम्ही इतिहास.

रालित्साने मनगटाकडे बोट दाखवलं. "सर, अजून मार्तेनित्सा? तुमच्या खिडकीखालचं प्लमचं झाड पांढरंशुभ्र झालंय."

"मी वर बघत नाही," मी म्हणालो. "आणि करकोचा अजून दिसलेला नाही."

"सोफियाच्या भर वस्तीत करकोचा कुठून दिसणार?"

"तेच तर."

९ एप्रिल

उद्या ती जाईल. मला ती इथे हवी आहे. घ्या, लिहिलं. इतकं साधं वाक्य, कर्ता, कर्म, क्रियापद. पोरांना शंभर वेळा फळ्यावर लिहून दिलं असतं, पण स्वतः म्हणायला जीभ उचलत नाही. आणि म्हणून तरी काय, एकदा सांगितलंच आहे की मी. शहाण्याला शब्दाचा मार, म्हणतात. इथे होकार देऊनही ज्याला कळत नाही, त्याला शब्दाने काय कळणार?

१० एप्रिल

अक्षर वाईट येतंय. सगळं लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

आजची टोळी नेहमीसारखी. दोन जर्मन मित्र, उंच, एक फ्रेंच कुटुंब, काही पोलिश मुली, आणि भारतातून आलेलं एक वयस्कर जोडपं. त्या दोघांची मान मी सुरुवातीपासून निरखत होतो. ती ना आडवी हलते ना खाली-वर. मधल्यामध्ये डोलते. हो म्हणतात की नाही म्हणतात की विचार करतो म्हणतात, देव जाणे. मला ती माणसं फार आवडली.

दुपारचे दोन वाजत आले होते. आम्ही संसद भवनासमोरच्या पिवळ्या विटांच्या रस्त्यावर होतो, नेव्स्कीचे घुमट समोर. तिथे मी माझी माननीय गंमत सांगतो. सांगितली. आमचं उलटं आहे, पण तुमच्यासाठी मी सुलटं करतो, वगैरे. हशा झाला.

त्या भारतीय बाईंनी विचारलं, "मग घरी गेल्यावर परत आपली मान हलवायला लक्षात राहतं का हो? मी महिनाभर मुलीकडे इटलीला होते, तर परत आल्यावर रस्ता ओलांडताना दहा वेळा चुकीच्या बाजूला बघायचे. एकदा रिक्षाखाली जाता जाता वाचले."

"छे छे," मी म्हणालो. "ते काय, दाराशी टोपी काढावी तसं. घरच्या माणसांशी मी नेहमीच..."

आणि वाक्य तिथेच राहिलं.

बेकरीतली बनित्सा आठवली. मिशी आठवली. मग नेव्हेना आठवली, चहाची पुडी घट्ट धरलेली, 'तुमच्यासाठी?' म्हणणारी, आणि तिच्यासमोर मी, खाली-वर, खाली-वर, खाली-वर. तीनदा! शंकेला जागा न ठेवता! तिच्या डोळ्यांना ते काय दिसलं असेल? नाही, नाही, मुळीच नाही. आणि ती म्हणाली होती, सरळ सांगितलंत, बरं झालं. आणि नळापाशी मी गाढवासारखा म्हणालो, एकदा हलवली असती तर मनापासून वाटलं नसतं.

"सर, बरं वाटत नाही का?" कोणीतरी विचारलं.

मी छत्री खाली घेतली आणि पळत सुटलो. संसदेला वळसा घातला की शिश्मान रस्ता. पिवळ्या विटा निसरड्या, गुडघे बोंब मारत होते. मागे वळून पाहतो तर सगळी टोळी माझ्या मागे. त्यांना वाटलं पुढचं स्थळ लांब आहे आणि वेळ कमी आहे. जर्मन तर माझ्या दोन पावलं पुढे गेले आणि वळून विचारू लागले, उजवीकडे की डावीकडे.

दुकानाची खिडकी अर्धी लावलेली. आतून झाडण्याचा आवाज. छत्री आपटायची तर ती धावताना कुठे पडली कळलंच नाही. मग मी गुडघे टेकले. उकिडवं बसता येईना, म्हणून सरळ दोन्ही गुडघे फुटपाथवर, आणि डोकं खिडकीत.

आत नेव्हेना. डोक्याला रुमाल, हातात झाडू, रिकाम्या फळ्यांच्या मधे. माझं तोंड तिथे बघून तिने झाडू छातीशी धरला.

"मास्तर? काय झालं? पडलात का?"

"मी त्या दिवशी हो म्हणालो होतो," मी म्हणालो. धाप लागलेली. "हो म्हणालो होतो, नेव्हेना!"

"कधी? तुम्ही तीनदा नाही म्हणालात. माझ्या डोळ्यांदेखत."

"ती कामाची मान होती! पाहुण्यांची! माझा आवाज बसला होता, आणि दिवसभराच्या सवयीने... आरशासमोर सराव करून करून... मला नेव्हेना, मला आपली मान कुठली आणि त्यांची कुठली..." कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं विस्कटलं. मी फर्डा बोलणारा माणूस.

 तिने झाडू भिंतीला टेकवला. खिडकीपाशी आली. तिचं तोंड आणि माझं तोंड आता एका उंचीवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला तिच्या खिडकीतून बघत होतो. रोज वरून मला दिसायचा तो तिचा भांग.

"पुन्हा विचार," मी म्हणालो.

"मी सांगितलं होतं, मी एकदाच विचारणार."

"नेव्हेना, विचार."

तिने रुमाल सोडला, परत बांधला. "मी राहू का?" इतक्या हळू म्हणाली की मागच्या रस्त्यावरची ट्रॅम गेली असती तर ऐकू आलं नसतं.

मी मान हलवली. आडवी. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, टोपी पडेपर्यंत. माझ्या मागे फ्रेंच बाईंनी हळहळून सुस्कारा सोडला. पाच मिनिटांपूर्वी सगळं समजावून सांगितलेलं, पण लक्ष देतं कोण!

"खोली मी सोडलीय," ती म्हणाली. "पेंकाने माझ्यासाठी पलंग घेतलाय."

"माझ्याकडे मागची खोली आहे. पुस्तकं काढून पुन्हा आत लावलीत, पण परत काढीन. सपाताही आहेत. येशील?"

तिचं लक्ष माझ्या मनगटावर गेलं. बाहीतून मार्तेनित्सा दिसत होता, मळून तपकिरी झालेला. "हे अजून बांधून फिरताय? अख्खं शहर फुललंय, मास्तर."

"मी वर बघितलं नाही."

तिचा चेहरा हलला, ओठ आत ओढले गेले. आणि मग तिनेही मान हलवली. आडवी. हळूहळू, डावीकडे, उजवीकडे. आम्ही दोघं समोरासमोर, जगाच्या दृष्टीने एकमेकांना साफ नकार देत होतो.

उंच जर्मनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फार वाईट वाटलं," म्हणाला. "पण तुम्ही धीर केलात, हे मोठं."

मग मागून टाळ्या ऐकू आल्या. एकाच माणसाच्या. ती भारतीय बाई रडत होती आणि टाळ्या वाजवत होती, आणि नवऱ्याला कोपराने ढोसून सांगत होती. नवऱ्याची मान मधल्यामध्ये डोलत होती, आणि आता मला ती कळली.

"वचन म्हणजे वचन," नेव्हेना डोळे पुसत आतून म्हणाली. "तुम्ही गुडघे टेकलेत, मी दुकान बंद केलं. आता ऊठ, लोक बघतायत."

मी उठलो नाही. उठताच येईना. दोन जर्मनांनी काखेत हात घालून उचललं. उभा राहिल्यावर लक्षात आलं की ती 'उठा' म्हणाली नव्हती.

घरी येताना प्लमच्या झाडापाशी थांबलो. तिने मनगटाची गाठ सोडवली. मी म्हणालो, फार घट्ट बसली होती, तर म्हणाली, घट्टच बांधली होती. दोरा फांदीला बांधला. पेंकाला फोन केला, तिने दहा मिनिटं शिव्या दिल्या आणि मग रडली.

११ एप्रिल

सकाळी रालित्साचा फोन. कालच्या सगळ्या टोळीने लिहून कळवलंय, म्हणे, की नेव्स्की आणि रोमन भिंती ठीक आहेत, पण शेवटचं स्थळ सगळ्यात उत्तम. पोलिश मुलींनी तर विचारलंय की तो कार्यक्रम रोज असतो का.

"सर, खरंच, आपण रोजच्या फेरीत त्या क्लेकची खिडकी दाखवायची का? नेव्हेनाताई बोलतील का लोकांशी? तुम्हाला काय वाटतं?"

मी मान हलवली.

"सर? हॅलो? सर, आहात ना? हो की नाही?"

मागच्या खोलीतून, पुस्तकांच्या ढिगाआडून आवाज आला, "अरे, तोंडाने सांग!"